न सुटलेली मूठ

धृती म्हणजे केवळ संकटकाळचे धैर्य नव्हे. हाती आलेले निष्ठेने धरून ठेवणे हेही तिचेच रूप. मात्र धर म्हणणाराच निघून गेला, तर त्या धृतीचे काय होते, हे एका खुर्च्या विणणाऱ्या बाईच्या उजव्या हाताने तिच्या लेकीला दाखवले.

नवराबायकोचे काम वाटलेले होते. ती वेताची पट्टी ताणून धरी; तो खुर्चीच्या चौकटीतल्या भोकात लाकडी खुंटी बसवून छोट्या हातोडीने ठोकी. ठोके चालू असेतो मूठ ढिली करायची नाही. तो "बस, सोड" म्हणाला की मगच सोडायची. "हिच्या मुठीतून यमालासुद्धा काही ओढून नेता यायचं नाही," असे तो गिऱ्हाइकांदेखत चिडवी. एके दुपारी पट्टी तिच्या हातात ताणलेली असतानाच तो समोरच्या खुर्चीवर कोसळला. 'सोड' म्हणायचे राहून गेले.

वर्षाच्या आत तिला पक्षाघात झाला आणि उजवी मूठ वळली ती वळलीच. नखे तळव्यात रुतली, आत जखम चिघळली. लेक बोटे उकलू लागली की ती म्हणे, "अगं थांब, ह्यांचं ठोकणं चाललंय."

"कुठे चाललंय, आई?"

"तुला नाही ऐकू येत?"

लेकीला ऐकू येत नसे. तरी खुर्च्या विणायच्या, आता बंद असलेल्या खोलीवरून जाताना तिची पावले आपोआप झपझप पडत.

मूठ उघडली नाही तर बोटांच्या कंडरा कापाव्या लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याआधीचा उपाय होता शॉकवेव्हचा. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "ही वीज नाही हं, आजी. दाबाचे धक्के आहेत. आखडलेला स्नायू सैलावतो. मज्जातंतू जिथे स्नायूला निरोप देतो, ती जागाही काही काळ शांत होत असावी; खात्रीनं नाही सांगता येत. आणि हे कायमचं नसतं."

यंत्राचे टोक कोपराखाली टेकले. ठक-ठक-ठक. म्हातारीच्या चेहऱ्यावर ओळख उमटली; मूठ सैलावण्याऐवजी अधिकच आवळली.

"आजी, हात सैल सोडा की! माझ्या यंत्राशी कुस्ती खेळताय का?"

"ठोकताहेत ना ते! आत्ता कशी सोडू?"

यंत्र थांबले. बाईंनी स्नायू दाबून पाहिला. "मऊ झालाय. आता उघडायला हवी."

लेक आईच्या समोर, बाबांच्या जागी जाऊन उभी राहिली. तोंडून आवाज निघाला तो तिचा तिलाच परका वाटला.

"बस, सोड."

एकेक करून बोटे उलगडली. रिकाम्या तळव्याकडे म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. "गेले वाटतं," ती म्हणाली.

जखम भरली, कंडरा वाचल्या. काही आठवड्यांनी बोटे पुन्हा वळू लागली, तेव्हा मात्र तिचा चेहरा उजळला. "आले बघ!" मग पुन्हा ते यंत्र, पुन्हा तो आवाज. बापाला निरोप देण्याचे काम लेकीला दर खेपेस नव्याने करावे लागे. अखेरच्या आजारात तिने ते केले नाही. आईची मूठ मिटलेलीच राहू दिली.

आता मागे त्या दुपारची अर्धवट विणलेली खुर्ची आहे. शेवटची पट्टी सैल आहे, आणि भोकातली खुंटी अजून कुणी ठोकलेली नाही.