कुसुमच्या आरशावरच्या टिकल्या

या सदरातलं मी सगळं वाचते. दुपारचं जेवण झालं, भांडी ओट्यावर गेली, की चष्मा लावून बसते — आणि आत्तापर्यंत वाचून हसतच आले. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजलं... मी आपली ह्यांना म्हणायची, "ह्या लोकांना जेवण जड होतंय, दुसरं काय न्हाय." दाराला बांधलेली लिंबू-मिरची सोडून त्यातली मिरची फोडणीत घातलेली बाई आहे मी! आजही माझा भुतांवर विश्वास नाही. आणि यात भूत नाहीच. मग याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला स्वतःला लाज वाटते, एवढं मात्र नक्की. म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाही.

मी शिवाजी पेठेत राहते. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं वाचन रद्दीतून आणि लायब्ररीतून. कुसुम माझी धाकटी जाऊ. माझा दीर फार लवकर गेला, पोरगं तेव्हा पाळण्यात होतं. कुसुमनं पोस्टात नोकरी केली, पोराला शिकवलं, राजारामपुरीत स्वतःचा फ्लॅट घेतला. आता पोरगा बंगळूरला, ही एकटी. उंच, सरळ चालणारी बाई, कमी बोलणारी. मी तिच्या खांद्याला लागते.

आमचं एक महिला मंडळ आहे. मंडळानं ठरवलं, काशी-रामेश्वर सगळ्याच करतात, आपण ग्रीसला जायचं! कुसुम नको म्हणत होती. मीच मागं लागले. "आता कोण विचारतंय गं? चांगल्या रंगीत साड्या घे, गॉगल घे, चल." तिला मोरपंखी साडी मीच निवडून दिली. मंडळात मी सांगतही फिरले, की आमच्या घरात तसलं काही नाही बरं का, माझी जाऊ माझ्याबरोबर परदेशी येणार. लोक म्हणाले, आक्का, तुमचे विचार फार पुढचे. मला ते गोड लागलं. खोटं कशाला सांगू...

ट्रिप मात्र झकास झाली. अथेन्सला डोंगरावरची ती खांबांची देवळं बघून मंडळातल्या पाटीलवैनी म्हणाल्या, "एवढं चढून आलो, आन् आत देवच न्हाय व्हय?" बोटीवर आमच्यातल्या निम्म्या उलट्या करत होत्या, उरलेल्या भडंग खात होत्या. मला सगळ्यात आवडलं ते समुद्राचं पाणी. इतकं निळं, की त्यात धुतलं तर कापडाला रंग लागेल असं वाटावं.

ऑलिम्पियाला जाताना डोंगरातल्या एका लहान गावात बसचा एसी बंद पडला. गावाचं नाव विचारायचं राहिलं. ऊन म्हणजे आपल्या वैशाखासारखं. सगळ्याजणी उतरून एका घराच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली उभ्या राहिलो. आतून एक म्हातारी आली, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. तिच्या मागं सून आणि सुनेची बहीण. म्हातारीनं आमच्याकडं बघितलं, आत गेली, आणि तबक घेऊन आली. गार पाण्याचे ग्लास, आणि चमच्या-चमच्यावर संत्र्याच्या सालीचा मुरांबा! आपल्याकडं उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात ना, अगदी तसंच. बायका हरखून गेल्या. भाषा एकीची एकीला कळेना, पण हसणं, हात धरणं सुरू झालं.

मला राहवलं नाही. मी कुठंही जाताना पर्समध्ये कुंकवाचा करंडा ठेवते. तो काढला आणि म्हटलं, "यांच्या दारात पाणी पिलो, हळदीकुंकू लावल्याशिवाय जायचं न्हाय." सुनेला लावलं, तिच्या बहिणीला लावलं. म्हातारीपुढं आले, तर टूर मॅनेजर म्हणाला, "आजी, यांच्यात नवरा गेला की आयुष्यभर काळं घालतात." माझा हात वळला. मुद्दाम नाही हो... पण वळला. मग आपल्या बायका कपाळ पुढं करून उभ्याच होत्या, पाटीलवैनींना लावलं, पुढचीला लावलं, करत करत ओळ संपली. करंड्याचं झाकण लावलं.

कुसुम त्या म्हातारीच्या शेजारी उभी होती. हे मी तेव्हा बघितलंसुद्धा नाही.

म्हातारीनं बघितलं. ती कुसुमकडं वळली, दोन्ही हातांत तिचा चेहरा घेतला, आणि अंगठा तिच्या कपाळावर मधोमध दाबला. अंगठ्याला काही नव्हतं, नुसताच दाबला. मग माझ्यापुढं आली. माझ्या कपाळावरून तळहात फिरवला, आपण पोराच्या तोंडावरून फिरवतो तसा. मला वाटलं आशीर्वाद देतेय. मी वाकले. माझी टिकली पडली. मी फरशीवर शोधली, सगळ्याजणींनी शोधली, मिळाली नाही. "राहू दे आजीला आठवण," म्हणून हसत मी बसमध्ये चढले.

माझी टिकली मोठी, गोल, तांबडी. असली आता कुणी लावत नाही, पेठेतल्या एकाच दुकानात मिळते. दुसऱ्या दिवशी हॉटेलात नवी लावली. खाली नाश्त्याला येईपर्यंत गायब. पुन्हा लावली. जेवणापर्यंत गायब. घामानं होत असेल म्हटलं. पण कोल्हापुरात आल्यावरही तेच. अंथरुणात नाही, उशीवर नाही, केसांत नाही. मेण लावून कुंकू लावलं, तर तासाभरात कपाळ धुतल्यासारखं कोरडं. राजारामपुरीतल्या कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. माझी सून म्हणाली, "टिकलीचा गम वाईट असेल." ह्यांची तर चेष्टाच सुरू झाली. चहा पिता-पिता ओरडायचे, "मी हाय गं अजून! धडधाकट हाय की!" मी हसायची, पण आतून टरकले होते. तुम्ही बायका असाल तर कळेल.

मग मंडळाची बैठक ठरली. ज्या गेलो त्यांनी आपापले अनुभव सांगायचे, ज्या आल्या नाहीत त्यांनी जळायचं. बैठक कुसुमच्या फ्लॅटवर, भर दुपारी. ट्रिपवरून आल्यापासून मी तिच्याकडं गेलेच नव्हते, फोनवरच बोलणं. त्या दिवशी माझ्या टिकल्यांचं पाकीट संपलेलं, म्हणून सुनेची एक हिरवी टिकली लावून गेले. दारातच पाटीलवैनी ओरडल्या, "आज हिरवी! आक्का, सुनंची चोरली व्हय?" सगळ्या हसल्या. म्हणजे आले तेव्हा टिकली होती, याला डझनभर साक्षीदार आहेत.

अनुभव सुरू झाले. एकजण म्हणाली, ऑलिव्ह म्हणजे खारवलेली कच्ची करवंदं, उगंच नाव मोठं. पाटीलवैनींनी खांबांचं देऊळ पुन्हा चढवलं. माझी पाळी आली. मी काय सांगणार? तेच, रंगवून! "ग्रीसमधी जाऊन हळदीकुंकू केलं बघा मी! त्या गोऱ्या पोरींच्या कपाळाला असं लावलं..." टाळ्या पडल्या. कुणीतरी कुसुमला विचारलं, "कुसुमताई, तुमचा अनुभव सांगा की."

कुसुम भेळेच्या डिश भरत होती. वर न बघता म्हणाली, "मी त्या काळ्या कपड्यातल्या आजीजवळ उभी हुते. आक्कांच्या ओळीत न्हवते." आणि डिश पुढं केली. "कांदा अजून पायजे का कुणाला?"

 पाटीलवैनींनी कांदा मागितला आणि बोलणं पुन्हा भेळेवर आलं. मी मात्र डिश खाली ठेवली. ओळ डोळ्यापुढं आली... एक-एक कपाळ, आणि ओळीबाहेर ती मोरपंखी साडी. मी निवडून दिलेली.

हात धुवायच्या निमित्तानं उठले. बाथरूमबाहेर पॅसेजमध्ये बेसिन, वर आरसा. तोंडावर पाणी मारलं, मान वर केली.

आरशावर टिकल्या होत्या. आता आरशावर टिकल्या कुणाच्या घरात नसतात? पण कुसुम टिकली लावत नाही. आणि त्या मोठ्या, गोल, तांबड्या होत्या. एकमेकींवर चढून, रुपयाएवढ्या जागेत झुबका झाल्यासारख्या. मी मोजल्या नाहीत. मधोमध एक हिरवी.

मी कपाळाला हात लावला. कपाळ मोकळं.

तेवढ्यात मागून कुसुम टॉवेल घेऊन आली. माझ्या मागं उभी राहिली. मी सांगितलं ना, ती उंच आहे. आरशात माझं डोकं खाली, तिचा चेहरा माझ्या वर — आणि त्या टिकल्या बरोब्बर तिच्या कपाळावर.

"कुसुम... ह्या माझ्या हायत."

"माहीत हाय मला."

"कधीपास्नं?"

"आलो त्या दिवशी कुलूप काढलं, तवाच तीन-चार हुत्या. घर बंद हुतं, किल्ली माझ्याजवळ. मग रोज एखादी येती."

"मग बोलायचं न्हाय व्हय मला? काढून तरी टाकायच्या!"

"कशाला?" ती टॉवेलची घडी करत म्हणाली. "मी काय लावत न्हाय आक्का. सकाळी दात घासायला उभी राहते, आपोआप कपाळावर येती. बघते, आन् कामाला लागते."

हे ती अगदी साधेपणानं बोलली. मी पर्स उघडली, करंडा काढला, बोट बुडवलं.  तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"नको."

"अगं चुकलं माझं. लावू दे."

"तिथं उन्हात सगळ्या बायका उभ्या हुत्या, तवा तुमचा हात आला न्हाय. आता पॅसेजमधी लावताय. कोण बघत न्हाय म्हणून?"

"मग चल बाहेर. सगळ्यांसमोर लावते."

"व्हय, म्हंजे पुढच्या बैठकीला ते बी सांगाल."

एवढं बोलून तिनं टॉवेल माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला गेली. बाहेर पाटीलवैनींचा आवाज, "आक्का, आत झोपला व्हय?" मी बोटाचं कुंकू नळाखाली धुतलं. पाणी किती वेळ तांबडं येत होतं...

त्यानंतर मी उलगडा करायचा खूप प्रयत्न केला. टूर मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, आजी, ती बाई चांगली आठवते, एसी दुरुस्त होईस्तोवर मला दोनदा मुरांबा दिला. म्हणजे ती खरी होती. माझ्या मुलाला वाटतं मीच कुसुमकडं जाऊन टिकल्या लावते आणि विसरते. मलाही तसं वाटायला हवं होतं, सुटले असते. पण शिवाजी पेठेतून राजारामपुरीला मी रिक्षाशिवाय जात नाही आणि रिक्षावाल्याशी भांडल्याशिवाय उतरत नाही, ते कसं विसरेन? ह्यांनी मात्र ऐकल्यावर चेष्टा बंद केली.  मग म्हणाले, "माझ्या भावाची बायको हाय ती. मी बी कधी बघितलं न्हाय तिच्या कपाळाकडं."

आता मी दर आठवड्याला कुसुमकडं जाते. करंडा नेत नाही. ती भाकरी थापते, मी पिठलं करते, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला दोघी मिळून शिव्या घालतो. निघताना हात धुवायला बेसिनपाशी जाते. आरशातल्या टिकल्या माझ्या कपाळावर येत नाहीत, डोक्याच्या वर कुठंतरी, मागं दिसणाऱ्या भिंतीवर राहतात. एकदा चवड्यावर उभी राहून बघितलं. तरी पोचले नाही.

हे लिहायच्या आधी तिला विचारलं. एकदा तिची गोष्ट टाळ्यांसाठी सांगून झाली होती, पुन्हा तसं नको. ती म्हणाली, "लिवा की. पर मी रडले असं लिवू नका. मी रडले न्हाय."

तर लिहिते, ती रडली नाही.

हे कसं होतं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुमच्यापैकी कुणाजवळ असेल तर कळवा. का होतं, ते मात्र कृपा करून कळवू नका. आज सकाळी आंघोळ झाल्यावर टिकली लावली होती, नव्या पाकिटातली. आत्ता कपाळाला हात लावून बघितला.

पोचली असेल.