कुफ्रीच्या उतारावर दिसलेलं बोलणं

पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायची हौस ज्याला पहिल्यांदा सुचली, त्याला एक पाळी आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभा करायला हवा होता. सगळी हौस तिथंच फिटली असती. पण ही हौस आमच्या शेठच्या धाकट्या मुलाला होती, आणि शेठच्या मुलाची हौस म्हणजे आमची ड्युटी. म्हणून चाळिशी उलटलेले आम्ही दोघे खानदेशी गडी, सुरतेच्या मागांवर कान आणि कंबर घालवून बसलेले, एका जानेवारीत सिमल्याजवळच्या कुफ्रीला गुडघाभर बर्फात उभे होतो. आज कोणाला सांगितलं तर लोक हसतात. हसा बापडे. त्या दिवशी मीही पोट धरून हसलो होतो, घटकाभर.

माझा तो दोस्त आणि मी एकाच तालुक्यातले. सन साठच्या आसपास एकाच भुसावळ-सुरत गाडीनं आलो, एकाच शेडमध्ये लागलो, समोरासमोरच्या रांगांत. ज्यानं शेडमध्ये काम केलं नाही त्याला एक गोष्ट सांगावी लागते. तिथं आवाजानं कोणी बोलत नाही. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्या खडखडाटात काही पोचत नाही. बोलायचं ते ओठांनी, तोंड मोठं करून, शब्द नीट दाखवत. उरलेलं हातांनी. मिशीवर बोट फिरवलं की शेठ आला, अंगठा ओठाला लावला की चहा. आम्ही दोघं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा संसार बोलायचो. त्याच्या बायकोचं बाळंतपण मला असंच कळलं, माझा बाप गेल्याचं त्याला असंच कळलं. एकदा माझा हात मागाच्या पट्ट्यात ओढला गेला. मी बोंब मारली, ती कोणाच्या कानावर जाणार? त्यानं माझं तोंड पाहिलं, धावत आला आणि माग बंद केला. हात शाबूत राहिला. त्याच हातानं आजही जेवतो, म्हणून तर पुढचं सगळं जास्त झोंबतं.

त्यानं बायकापोरं सुरतेला आणली होती, बमरोलीत खोली घेतली होती. मी मात्र नवागामच्या एका खोलीत गावाकडच्या गड्यांबरोबर राहायचो. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच गोधडीत शिरायचे. तिथं बायकोला कुठं आणू? ती गावी, सासू-जावांत. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी घरी जायचो आणि भाकरी वाढताना ती एकच विचारायची, "औंदा तरी?" मी मान खाली घालून जेवायचो. मूलबाळ झालं नाही, त्याचे टोमणेही तीच ऐकायची. नवरा सुरतेत आणि बाई गावात, तर मूल काय आभाळातून पडणार होतं? पण हे बोलणाऱ्यांना कोण सांगणार!

मग शेठनं सुरतेबाहेर कडोदऱ्याला नवी शेड बांधायला काढली. तिथल्या मास्तरला, म्हणजे अख्खी शेड सांभाळणाऱ्याला, शेडलगत दोन खोल्या मिळणार होत्या, दारात स्वतःचा नळ. दोस्त तोवर मोठा जॉबर, माग लावणारा-दुरुस्त करणारा कारागीर, झाला होता, शेठच्या घरी ऊठबस होती. एकदा जेवायला बोलावून तो म्हणाला, "मास्तर तूच. मी शेठशी बोलेल शे." मी पुढचीच गाडी पकडून गावी गेलो आणि बायकोला सांगून टाकलं. तिनं आपली शेळी जावेला देऊन टाकली, पाटा-वरवंटा गोणपाटात बांधला. मी म्हटलं, "अगं, पाटा सुरतेत मिळतो." तर म्हणाली, "मिळत व्हई. पन हाऊ मन्हा शे." हा माझा आहे म्हणे. इतकी हसताना मी तिला लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

त्यातच सिमल्याच्या एका व्यापाऱ्यानं कापडात खोट असल्याची तक्रार केली. शेठचा धाकटा जातीनं निघाला, कापड बघायला मागावरचा माणूस हवा म्हणून दोस्त निघाला, आणि दोस्तानं माझंही नाव घातलं. "चाल ना भो, फुकटमा बरफ दखी येऊत!" मला वाटलं, मास्तर करायच्या आधी धाकट्याला माझी ओळख व्हावी म्हणून हा मला नेतोय. केवढा जीव याचा आपल्यावर, असं मनात आलं. भोळसट कुठला मी!

सिमल्यात कापड बघून झालं. खोट कापडात नव्हती, व्यापाऱ्याच्या गोदामाच्या छपरात होती, पाणी गळून तागे डागाळले होते. धाकटा खूश झाला आणि आम्हाला घेऊन कुफ्रीला गेला. काय आमचा अवतार! अंगात मागून आणलेले स्वेटर, वर कानटोप्या, त्यावर मफलर, आणि भाड्यानं घेतलेले बूट, ज्यांत आधीच्या किती जणांचे पाय कुजले असतील देव जाणे. दोस्तानं डोक्याला लावायला खोबरेल आणलं होतं. ते बाटलीत असं थिजलं की तो बाटली शर्टात घालून काखेत धरून हिंडत होता. धाकट्यानं फळीच्या तळाला मेण चोळलं, ते बघून दोस्ताचे डोळे चमकले. मागावर धाग्यातून इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, त्यालाही आम्ही मेण चोळायचो, सळसळत जावा म्हणून. "अरे, हाऊ तं आपलाच धोटा शे!" असं म्हणून गड्यानं धाकट्याच्या हातातलं मेण घेतलं आणि दोघांच्या फळ्यांना जीव तोडून घासलं. अंगठ्यानं चोळून चोळून आरसा केला. मागावर तेच बरोबर होतं. पण धोट्याला थांबवायला दोन्ही टोकांना पेटी असते. इथं पेटी कुठं होती?

उतार काही फार मोठा नव्हता, आमच्या शेडच्या लांबीएवढा असेल. धाकटा मजेत खाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, या. दोस्त पुढं झाला. झाला कसला, सुटला! दोन्ही हात वर, काठ्या हवेत, तोंडातून खंडेरायाचं नाव. मध्येच गिरकी घेऊन पाठमोरा झाला आणि तसाच उलटा खाली गेला. चहावाल्याच्या टपरीपाशी एक घोडेवाला उभा होता, त्याला मिठी मारूनच थांबला. दोघं आडवे. काखेतली बाटली फुटली आणि गड्याच्या स्वेटरवर खोबरेलाचा पांढरा गोळा. घोडं बिचारं बाजूला सरकून बघत राहिलं. मी वर मटकन खाली बसलो आणि हसलो, असा हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, बरगड्या दुखायला लागल्या. आयुष्यात त्याच्यावर माझा जेवढा म्हणून जीव होता तो सगळा त्या हसण्यात होता. मफलरनं डोळे पुसले आणि नीट दिसायला लागलं.

दोस्त उठून धाकट्याजवळ उभा होता, तोंड माझ्याकडे. ऊन थेट त्याच्या चेहऱ्यावर. धाकट्यानं माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. दोस्त हसला, बर्फ झटकला आणि बोलायला लागला. आवाज त्यानं खाली घेतला असणार, पण तोंड शेडमधलंच राहिलं, मोठं, एकेक शब्द दाखवणारं. आम्हा मागवाल्यांना दुसरं तोंडच नसतं. "एना कान गया छे, शेठ," तो म्हणाला. याचे कान गेलेत. "बहेरो मास्तर नहीं चाले." धाकटा काहीतरी बोलला, त्याची पाठ होती म्हणून मला दिसलं नाही. मग पुन्हा दोस्त, "मारो साळो छे ने. जुवान छे." त्याचा मेहुणा आहे ना, जवान. आणि शेवटी माझ्याकडे बघत, हात हलवून मला खाली बोलावत, तोंडभर हसत, "एने हुं समजावी लईश."

याला मी समजावीन म्हणे!

कान गेले? अरे, माझे गेले आणि तुझे काय राहिलेत का? तुझी बायको दारातून हाका मारून थकते तेव्हा पोराला पाठवते तुला हलवायला. एकाच खडखडाटात आपण दोघं बहिरे झालो, आणि बहिरा मी एकटा? तेवढ्यात मला गोणपाटात बांधलेला पाटा आठवला. मी फळ्या सोडल्या, खांद्यावर घेतल्या आणि पायीच उतार उतरलो. "घाबरना का रे?" म्हणत त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी तिथंच त्याला लोळवायला हवं होतं. पण शेठचा पोरगा समोर, पोट शेठच्या हातात. मी भाड्याचे बूट परत करायला वळलो.

परतीच्या गाडीत त्यानं आपली शाल माझ्या अंगावर टाकली. स्टेशन आलं की अंगठा ओठाला लावून विचारायचा, चहा? मी खिडकीबाहेर बघायचो. खोबरेलाचा वास सुरतेपर्यंत आला.

कडोदऱ्याची शेड सुरू झाली आणि त्याचा मेहुणा मास्तर झाला. दोस्त मला समजवायला आला. शेठच्या मनात दुसरंच होतं, मी खूप भांडलो, पुढच्या वेळी नक्की, वगैरे. मी सवडीनं गावी गेलो. बायकोला सांगायला तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गोणपाट सोडलं, पाटा होता त्या जागी ठेवला. तिच्या सगळ्यात जिवावर आलं ते जावेकडे शेळी परत मागायला जाणं. गेलीच नाही ती. शेळी जावेच्या दारात बांधलेली राहिली आणि ही रोज तिच्यासमोरून पाणी भरायला जायची. सुरतेला ती शेवटपर्यंत आली नाही.

इकडे मी मुकादमाला सांगून रांग बदलून घेतली. आता माझी पाठ दोस्ताकडे. आमच्या शेडमध्ये बोलणं तोडायला भांडावं लागत नाही, नुसतं बघायचं नाही. पहिले काही दिवस तो माग सोडून माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. मी नजर धाग्यावर ठेवायचो. तुटलेले नसले तरी धागे तपासायचो.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो नवागामला माझ्या खोलीवर आला. उंबऱ्यातच उभा राहिला, कारण आत जागा नव्हती. बरोबरच्या गड्यांनी बाहेर चुलीवर भाकरी टाकायला घेतल्या होत्या. त्याचा चेहरा उतरला होता. कोणीतरी चुगली केली असं त्याच्या डोक्यात बसलं होतं; धाकट्यानं असेल, नाहीतर शेठच्या दिवाणजीनं. "तुले कोनी सांगं?" त्यानं विचारलं. मी गोधडीची घडी घालत राहिलो. मग हात जोडून, मोठ्यानं, बहिरा माणूस ओरडतो तसा ओरडला, "नाव सांग त्याचं! कोनी सांगं तुले?"

बऱ्याच दिवसांनी मी त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. मग आवाज न काढता, शेडमध्ये बोलायचो तसं, ओठ मोठे करून त्याला दाखवलं, "तूच. कुफ्रीले."

एक शब्द ऐकू आला नव्हता, तरी तो भिंतीला धरून खाली बसला.