रबरीच होती

माझ्या लग्नाचा बँड ठरवायला दस्तगीरभाई राजारामपुरीतल्या आमच्या घरी आले आणि चहा येण्याआधीच त्यांनी माझ्या आवडत्या गाण्यांची लाज काढली. "ही वरातीची गाणी न्हाईत, पावणं. दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर ऐकायची हायत." क्लॅरिनेट वाजवणारा हा वाळका माणूस साऱ्या जगाला अडाणी समजायचा, आणि त्याचं वाजवणं ऐकलं की आपण अडाणी आहोत हे मुकाट मान्य करावं लागायचं.

त्यांचा एक नियम होता. नवरी उंबऱ्याशी पोचेपर्यंत सूर तुटता कामा नये. मध्येच थांबणं म्हणजे अपशकुन. आमची वरात चौकात आली तेव्हा पोलीस समोरचा मोर्चा पांगवत होते. बाकीचे बँडवाले दुकानांत घुसले. मी ओरडलो, "भाई, थांबा!" त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि वाजवत राहिले. गोळी रबरी होती. तिनं त्यांचे पुढचे दात पाडले आणि वरचा ओठ फाडला.

दवाखान्यात चौकशीला आलेले पोलीस साहेब मोठे दयाळू. खाटेशी उभं राहून म्हणाले, "रबरीच होती, नशीबवान आहात. किरकोळ दुखापत. महिन्याभरात पहिल्यासारखं वाजवाल." रबर म्हणजे पोरांचा चेंडू, अशीच त्यांची समजूत असावी. मला त्या माणसाची किळस आली. टाके घातलेल्या तोंडानं भाईंनी कसंबसं विचारलं, "साहेब, ओठ न लावता शिट्टी मारून दाखिवता का?" साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

भाईंनी कवळी बसवली, पण ओठाची पकड गेली ती गेलीच. फुंकर कडेनं निसटायची. बँडच्या मालकानं मात्र त्यांना काढलं नाही. भाई पुढच्या रांगेत गाल फुगवून, बोटं नाचवत चालायचे आणि सूर यायचा मागच्या रांगेतल्या दुसऱ्या क्लॅरिनेटचा. "कळतंय कुणाला? लोक डोळ्यानंच गाणं ऐकत्यात की," असं म्हणायचे. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नसत, आणि मला फार वाईट वाटे.

पुढे मुरगूडला माझ्या मेहुणीच्या लग्नात तेच साहेब पाहुणे म्हणून आले. ऐन वरातीत त्यांनी भाईंना ओळखलं, पुढे होऊन खांद्यावर थाप मारली. "बघा, मी म्हणालो नव्हतो? काय गोड वाजवताय!"

भाईंनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं. साहेब ते धरून हसत उभे राहिले. गाणं चालूच होतं.