सत्काराची खुर्ची

टेबलावर झोपवलं की ते आधी मांडीवर सणसणीत थाप मारायचे आणि म्हणायचे, "दम हाय अजून." चढाईला निघालेल्या कबड्डीवाल्याची ती थाप. पेणच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बाकीचे पेशंट दचकायचे.

वय चौसष्ट, गाव कासू. रोह्याच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केल्या आणि उरलेला वेळ मैदानात घातला. पन्नाशीपुढच्यांच्या सामन्यात पकड करताना गुडघा पिरगळला, आतलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशननंतर मुलगा त्यांना घेऊन आला तो तक्रार घेऊनच. या वयात हे शोभतं का, तुम्हीच सांगा मॅडम, म्हणाला. मी सांगितलं, शोभतं. ते त्याला आवडलं नाही.

मी चिडकी बाई आहे, पेणमध्ये कुणालाही विचारा. व्यायाम चुकला की मी ओरडायची. ते शांतपणे म्हणायचे, "किती तापतेस गो बाय, गुडघा माझा हाय." पायाला वजन बांधा म्हटलं, तर कंपनीच्या जुन्या पँटचा पाय कापून बायकोकडून पिशवी शिवून घेतली आणि वाळू भरली. कंपनीनं दिलेली तेवढीच पेन्शन, असं वर सगळ्यांना सांगायचे.

त्यांना हवी होती एक चढाई. गडी नाही मारला तरी चालेल, फक्त जाऊन परत यायचं. पाच महिन्यांत ते कठडा न धरता माझा जिना चढले. आणखी चार महिने, मग चढाई, मी कबूल केलं.

तेवढ्यात गावात सामने भरले. मलाही बोलावणं होतं. स्पीकरवर पुकारा झाला, "आपल्या गावचे माजी खेळाडू..." माजी कुणी ठरवलं? त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. मैदानाच्या मधोमध, चुन्याच्या रेघेवर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं, शाल-नारळ दिला. मुलगा फोटो काढत होता. असे सत्कार तुम्हीही पाहिले असतील. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर ते आले नाहीत. तीन आठवड्यांनी फोन केला, तर मुलगा म्हणाला, घरातल्या घरात चालतात की. माझं डोकंच फिरलं. गाडी पकडून कासूला गेले. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. कुणाला विचारून सोडलंत, म्हणून मी बायकोपोरांसमोर वाट्टेल ते बोलले.

"सत्कार झाला ना गो बाय," ते म्हणाले. "शाल घेतलेला माणूस परत चड्डी घालून उतरला, तर गाव हसंल."

मी मांडी दाबून पाहिली. पाच महिन्यांची कमाई सैल पडली होती. मला मुलाचा राग आला, गावाचा आला, आणि माझ्या टाळ्यांचा सगळ्यात जास्त आला.

"मारा थाप," मी म्हटलं.

त्यांनी हात उचलला आणि मांडीवरची शाल तेवढी सारखी केली.