जयाबाईंनी निवडलेलं अ‍ॅप

लेकाच्या खोलीचं दार बंद दिसलं की जयाबाईंच्या हातून भाजीत मीठ कमी-जास्त व्हायचं. पुण्याची नोकरी सुटून शुभम घरी आला होता, आणि आल्यापासून त्या दाराआड बसून वडिलांच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहीत होता.

धंदा म्हणजे केवलराम टेंट हाउस. केवलराम भिलाईच्या कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर राबून रिटायर झाले आणि पावर हाउस बाजाराच्या मागे एक गोदाम घेऊन खुर्च्या, दऱ्या, गाद्या, कढया भाड्यानं द्यायला लागले. सामान नेणं-आणणं त्यांचं, फोन आणि तारखा जयाबाईंच्या. धंदा वाढला तशा तारखा डोक्यात मावेनात. त्याच खुर्च्या एकाच दिवशी दोन लग्नांना कबूल झाल्या, दोन्हीकडून बोलणी खावी लागली, आणि मग मोबाइलवर काहीतरी हवंच असं ठरलं. शुभम म्हणाला, "बाहेरून कशाले घ्याचं? मी लिहितो. आपल्या धंद्याच्या मापाचं."

पण ते संपेना. आज दाखवलेला स्क्रीन उद्या पुसलेला असायचा. जयाबाई चहा घेऊन जायच्या. "झालं का रे?"

"होऊन राहिलं, आई."

त्याची दाढी वाढली, मित्रांचे फोन येणं थांबलं. अर्धी पोळी खाऊन उठायचा. रात्री त्याच्या दाराखालचा उजेड पाहत जयाबाई कूस बदलत राहायच्या.

मग धाकटी नीतू माहेरी आली. ती जवळच्याच भिलाई-३ ला दिलेली, तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला. कोड न लिहिता, तयार चौकटी ओढून-जोडून अ‍ॅप बनवायची एक साइट ती तिथं शिकली होती. बाजेवर मांडी घालून तिनं दोन दुपारींत टेंट हाउसचं अ‍ॅप उभं केलं.

"हे पाहा आई. तारीख टाक, नाव टाक, खुर्च्या टाक. एकच खुर्ची दोघायले देतच नाही हे."

शुभम दारात उभा राहून बघत होता. "लो-कोड आहे ते. ज्यानं ती साइट बनवली, त्याच्या मनातला धंदा होते त्यात. आपला नाही होत."

"दादा, तुह्या सॉफ्टवेअरचा मुहूर्त तरी सांग! पत्रिका छापून ठेवतो आमी."

केवलराम मोठ्यानं हसले. शुभमही हसला, पण जरा उशिरा.

"अवं, फोन तुह्या हातात असते," केवलराम बायकोला म्हणाले, "तूच ठरव."

जयाबाईंनी त्या वेळी दोन्ही अ‍ॅपांचा विचार केलाच नाही, लेकाचा केला. हे ओझं मानेवरून उतरलं तर हा दाढी करेल, बाहेर पडेल, वेळेवर जेवेल, असं त्यांना वाटलं. आणि नीतूचं तर समोर चालूनही दाखवत होतं.

"नीतूचंच ठेवू," त्या म्हणाल्या. "तू मोकळा हो, बेटा."

शुभमनं मान हलवली आणि दार आवाज न करता लावून घेतलं. थोड्याच दिवसांत हैदराबादची नोकरी धरून तो गेला. स्टेशनवर आईच्या पाया पडला, पण गाडी सुटल्यावर डब्याच्या दारात येऊन उभा राहिला नाही.

अ‍ॅप मात्र चांगलं निघालं. लग्नसराई भांडणाशिवाय पार पडली. केवलराम गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, "माह्या पोरीनं बनवलं." जयाबाईंनाही पटलं की आपण चुकलो नाही.

तेवढ्यात बाबारावांची बायको गेली.

बाबाराव आणि केवलराम कोक ओव्हनवर एकाच शिफ्टचे. वस्तीत कुणी गेलं की केवलरामांनी सांगावा यायची वाट कधी पाहिली नाही. दऱ्या, खुर्च्या, पाण्याचे ड्रम आपणहून त्या दारी पोचायचे. त्याचं भाडं नसायचं, आणि त्या घराचं नाव लिहायचं नाही, सामान मागायला जायचं नाही. दहावा-तेरावा झाला की ती माणसं आपणहून आणून द्यायची. असंच चालत आलं होतं.

पण नावाशिवाय अ‍ॅप सामान गोदामाबाहेर सोडायला तयार नव्हतं. आणि अ‍ॅपमध्ये नोंदच केली नाही तर त्याच खुर्च्या पुढच्या लग्नाला शिल्लक दिसणार. जयाबाईंनी बाबारावांचं नाव टाकलं, नंबर टाकला. परत यायची तारीख मागितली, तीही अंदाजानं दिली. खाली कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता: लग्न, साक्षगंध, बारसं, वाढदिवस, इतर. त्यांनी 'इतर' दाबलं, आणि दाबल्यावर मोबाइललाच हात जोडले.

तिसऱ्या दिवशी शिवनाथ नदीत अस्थी सोडून बाबाराव घरी येऊन टेकले, तोच त्यांचा मोबाइल वाजला. चष्मा सापडेना, म्हणून सुनेनं वाचायला घेतलं. "आपकी ख़ुशी के मौक़े पर सेवा का अवसर मिला, धन्यवाद. सामान समय पर लौटाएँ. पाँच स्टार ज़रूर दें." नीतूनं लग्नघरांसाठी मन लावून लिहिलेला मेसेज होता तो. सामान गेलं की तिसऱ्या दिवशी आपोआप जायचा, सगळ्यांना.

संध्याकाळी केवलरामांच्या फाटकाशी ठेला येऊन थांबला. खुर्च्या ओल्या फडक्यानं पुसलेल्या, दऱ्यांच्या नीट घड्या. ठेला बाबाराव स्वतः ओढत होते.

"बाबाराव, हे काय रे? दहावा तरी होऊ दे!"

"नाही केवल. तुले लग्नाले लागत असन. मोजून घे."

"मी तुह्याकडचं मोजलं का कधी?"

"तू नाही मोजलं. तुह्या मोबाइलनं मोजलं."

केवलरामांना काही कळेना. त्यांनी बायकोकडं पाहिलं. बाबारावांनी मेसेज उघडून मोबाइल पुढं केला. जयाबाईंनी तो वाचला. "भाऊ, माह्या हातानं झालं ते. ह्यायचा काही दोष नाही त्यात. माफ करा."

बाबारावांनी त्यांना नमस्कार केला, वर न बघता. सामान अंगणात उतरवलं आणि रिकामा ठेला घेऊन निघून गेले. त्यांच्याकडं बालाघाटहून पाहुणे आले होते. आता ते उघड्या फरशीवर बसले असतील, हे नवरा-बायको दोघांनाही कळत होतं. रात्री केवलराम अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयाबाईंनी शुभमला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मेसेज बंद करून देतो. नीतूचं लॉगिन आहे माह्याकडं." बटणांचा आवाज आला. "झालं. आता कोणालेच नाही जाणार."

"तुह्या सॉफ्टवेअरमंधी असं झालं असतं का रे?"

"तिथंच तर अडलो होतो, आई. नाव न लिहिता मयतीच्या घरच्या खुर्च्या कशा मोजाच्या? बनवाचो आन् पुसाचो. त्या घराले कस्टमर म्हणाचं नव्हतं मले."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"विचारलंच नाही ना कोणी." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर जयाबाईंनी समजूत काढली असती.

"घरी ये बेटा. पूर्ण कर ते. तेच वापरू आपण."

"आता नाही होत, आई. इथं मी बी तेच करून राहिलो, लो-कोड. लवकर होते, लोकं खुश राहतात." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "चल, रखता हूँ."

जेवला का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मोबाइल पुन्हा वाजला. तोच असेल म्हणून जयाबाईंनी घाईनं कानाला लावला. जवळच्या अहिवारा गावाचं गिऱ्हाईक होतं. परवा मुलीचं साक्षगंध, पाहुणे अचानक वाढले, आहेत तेवढ्या सगळ्या खुर्च्या पाहिजेत.

जयाबाईंनी तारीख टाकली. बाबारावांचं सामान परत आल्याची नोंद त्यांनी सकाळीच केली होती. अ‍ॅपनं क्षणात हिरवी खूण दाखवली.

"मिळतील," त्या म्हणाल्या. "सगळ्या मोकळ्याच आहेत."