साडूंची होडी आणि पाण्यात उतरणारा रस्ता

आपल्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही, असं आमच्या साडूंइतक्या ठामपणे सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. चुका होतात, हे त्यांना मान्य आहे. पण त्या होतात रस्त्याच्या, वाऱ्याच्या, दोरीच्या, नारळाच्या आणि उरल्यासुरल्या माझ्या. माझा स्वभाव नेमका उलटा. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी ‘माफ करा’ मीच म्हणतो. त्यामुळे आमच्या बायका सख्ख्या बहिणी असणं हा मला योगायोग वाटत नाही. चुका करणारा आणि त्या अंगावर घेणारा, असे दोघे एकाच मांडवात जावई म्हणून यावेत, ही काहीतरी वरची सोय असणार. ते करतात, मी खजील होतो. आमचं छान जमतं.

गुलमंडीच्या गजबजलेल्या बाजारात त्यांचं पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे. तिथं बसून ते गिऱ्हाइकाला कापड कमी आणि सल्ला जास्त देतात. सल्ल्याची घडी घालावी लागत नाही. डॉक्टरकडे गेले तर नळी छातीवर नेमकी कुठं ठेवायची ते डॉक्टरला दाखवतात. लग्नाला गेले तर आचाऱ्याला वरण कधी उतरवायचं ते सांगतात, आणि वरण लागलं की ‘मी सांगितलं तेव्हा उतरवलं नाही’ असंही तेच सांगतात. जगातली कुठलीही लांबी, रुंदी, खोली ते कापडात मोजतात. धरणाच्या कडेला उभं राहून मी एकदा विचारलं, “इथं पाणी किती खोल असेल हो?” क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “दोन नऊवारी उभ्या सोडा. तिसरी सोडाल तर वाया जाईल.” आणि गाडी मागं घेण्याच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. “साडूभाऊ, ज्यानं गुलमंडीत सणाच्या आदल्या दिवशी गाडी मागं घेतली, त्याला दुनियेत कुठंबी गाडी मागं घेता येते.”

या आत्मविश्वासाच्या जोरावर त्यांनी गेल्या वर्षी होडी विकत घेतली.

शहाण्या माणसाला वाटेल, सिडकोत राहणाऱ्या कापडवाल्याला होडी कशाला? कारण मात्र शहाणपणाचंच होतं. साडूंचं मूळ गाव पैठणच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव उठलं तेव्हा साडू इतके लहान होते की त्यांना त्यातलं काहीही आठवत नाही. आईवडिलांमागे त्यांना वाढवणाऱ्या आणि आता त्यांच्याकडेच राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, मात्र सगळं आठवतं. दिवाळीनंतर आक्का लेकाकडे नाशिकला कायमच्या राहायला जायच्या होत्या. जाण्याआधी एकदा आपल्या माहेरावरून पाण्यातून का होईना जाऊन यावं, असं त्या जेवताजेवता सहज बोलून गेल्या. साडूंनी हातातला घास खाली ठेवला आणि शब्द दिला. मी सुचवलं की धरणावर मासे धरणाऱ्यांच्या होड्या असतात, त्यातला कुणीही आक्कांना हौसेनं नेऊन आणेल. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आक्कांना पायी जायला सांगितलं होतं. “आक्का माहेरी जाणार आन् दुसऱ्याच्या होडीत बसून? लोक काय म्हणतील?” गावातले लोक निम्मे परगावी, निम्मे वर गेलेले आणि गाव पाण्यात, पण ‘लोक’ साडूंच्या डोळ्यांपुढे अजून पारावर बसलेले होते.

तर कुठल्याशा बंद पडलेल्या करमणूक उद्यानातली फायबरची जुनी होडी आली. तिला मागं एक छोटं इंजिन बसवलं आणि जीपला जोडायला लोखंडी ट्रेलर वेल्डिंग करून घेतला. तिला झाकायला दुकानातल्या उरलेल्या पडद्याच्या कापडाचं, मोरांच्या नक्षीचं पांघरूण शिवलं. कॉलनीतल्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं की साडूंनी घरासमोर एखादी मजार बांधायला काढली आहे.

आमच्याकडे होडी पाण्यात उतरवायची जागा म्हणजे त्या बुडालेल्या गावांकडे जाणारा जुना डांबरी रस्ता. नवा रस्ता वळण घेऊन निघून जातो. जुना बिचारा सवयीनं सरळ जातो आणि पाण्यात शिरतो. त्या उतारावर सगळ्यांचं सगळं चालतं. मासेवाल्यांचे टेम्पो लागतात, रिक्षा धुतल्या जातात, म्हशी पोहायला उतरतात आणि रविवारी शहरातली माणसं भजी खात यातलं काहीतरी बिघडण्याची वाट बघत बसतात. साडूंनी त्यांना फार काळ ताटकळत ठेवलं नाही.

पहिल्या रविवारी आक्का ठेवणीतलं इरकल नेसून, धपाटे आणि दह्याचा डबा मांडीवर घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या. माहेरी जाताना बाई बसते तशा, किंचित पुढे झुकून. आधी पूजा झाली. हळदकुंकू, फूल, उदबत्ती, सगळं यथासांग. मग साडूंनी नारळ घेतला. मी चाचरत म्हणालो, “अहो, दगडावर फोडा.” ते म्हणाले, “होडीचा नारळ होडीवर फुटतो. जहाजावर बघितलं नाय का?” आणि गुलमंडीतल्या सगळ्या गणपतींचं स्मरण करून त्यांनी होडीच्या नाकावर नारळ आपटला. नारळ फुटला नाही. होडी फुटली. नाकापासून बाकापर्यंत तडा गेला आणि नारळ टणाटण उड्या मारत म्हशींमध्ये जाऊन पडला. भजी खाणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडूंनी तड्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे निकाल दिला, “नारळ जुना होता. ताजा असता तर फुटला असता.” मी मात्र घरी येईपर्यंत आक्कांकडे बघू शकलो नाही; नारळ मी आणला होता.

तडा बुजवून दुसऱ्या खेपेला गेलो, तेव्हा साडूंचा भर गाडी मागं घेण्याच्या विद्येवर होता. या विद्येत एक बारीकशी अडचण आहे. मागे ट्रेलर असला की तो डावीकडे न्यायला चाक उजवीकडे फिरवावं लागतं. हे साडूंना मंजूर नव्हतं. “आपण मालक आहोत, ट्रेलर नाय,” असं म्हणून ते चाक डावीकडे फिरवत आणि ट्रेलर बाणेदारपणे उजवीकडे जाई. थोड्याच वेळात जीप, ट्रेलर आणि होडी यांनी मिळून रस्ता असा आडवा अडवला की म्हशींनासुद्धा थांबावं लागलं. मागे अडकलेला मासेवाला टेम्पोतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “शेठ, होडी उतरवायलात का पूल बांधायलात?” रिक्षा धुणारा एकजण हातातला फडका हलवत म्हणाला, “हल्लू, सेठ, हल्लू. पानी कहीं भाग के नई जारा.”

मग आपल्याकडची रीत सुरू झाली. कुणाचीही गाडी मागं येताना दिसली की आपला माणूस हातातलं काम टाकून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायला धावतो. त्यासाठी गाडीशी ओळख लागत नाही, पुढचं दिसावं लागत नाही, आणि थांबवायची जबाबदारी तर कुणाचीच नसते. पाच-सहाजण ‘येऊ द्या’ म्हणत होते, त्यांत मीही होतो. ट्रेलर सरळ झाला, पाण्यात शिरला, होडी तरंगू लागली. पण ट्रेलर सोडेना. कारण ती साडूंनी कापडाच्या गठ्ठ्याला मारतात त्या गाठींनी बांधली होती आणि सोडायची राहिली होती. “अजून खोल पायजे,” असं खिडकीतून ओरडून साडू मागं येत राहिले. आम्ही सगळे एका सुरात ‘येऊ द्या’ म्हणत राहिलो. जीपच्या धुराड्यातून बुडबुडे यायला लागले, तेव्हा कुणीतरी हळूच ‘बास’ म्हणालं. ट्रॅक्टर लावून जीप बाहेर काढली. साडू गुडघाभर पाण्यातून माझ्याकडे आले आणि दुखावलेल्या स्वरात म्हणाले, “साडूभाऊ, तुम्ही येऊ द्या म्हणालात म्हणून मी आलो.” हे खरंच होतं. मी त्या रात्री जेवलो नाही.

आक्कांनी मात्र आम्हा दोघांनाही धपाटे वाढले. “येईल रे जमत,” त्या म्हणाल्या, “सासरहून माहेरी जायला असाच उशीर व्हायचा.”

तिसरी खेप मात्र सुरेख झाली. ट्रेलर सरळ गेला, गाठी आधीच सुटल्या होत्या, होडी अलगद पाण्यावर सरकली. साडूंनी जमलेल्यांकडे पाहून हात जोडले. आक्का खुर्चीतून उठल्या. आणि हात जोडलेल्या साडूंच्या पाठीमागे होडी हळूहळू, कुणाला त्रास न देता, खाली बसायला लागली. तळाला साठलेलं पाणी काढायचं एक भोक असतं आणि त्याला काळं रबरी बूच असतं. बूच नव्हतं. कंबरभर पाण्यातून होडी ओढून काढली, सगळी जीप शोधली, तरी नव्हतं. साडू ठामपणे म्हणाले, “विकणाऱ्यानंच दिलं नाय.” बूच घरी सापडलं, देवघरात. दुसऱ्या खेपेनंतर होडीतलं पाणी काढताना साडूंनी ते काढून पूजेच्या ताटात ठेवलं होतं, ताट घरी आलं, आणि काळं, गोल, गुळगुळीत काहीतरी दिसल्यावर आक्कांनी ते शाळिग्राम समजून देवांत बसवलं होतं. रोज त्याला अंघोळ, गंध, तुळस. साडूंनी ते उचललं तेव्हा आक्का म्हणाल्या, “आधी नमस्कार कर.” साडूंनी केला. त्यांच्यामागे मीही केला.

या गोष्टी मी नातेवाइकांत रंगवून सांगतो आणि सांगून झाल्यावर मला स्वतःची शरम वाटते. कारण बूच सापडलं त्याच संध्याकाळी नाशिकहून आक्कांच्या लेकाचा फोन आला. पुढच्या सोमवारी तो गाडी घेऊन न्यायला येणार होता. मध्ये एकच रविवार. फोन ठेवून आक्का म्हणाल्या, “नशिबात नसंल तर राहू दे बापू. मनात हाय की समदं.” साडूंनी बूच नीट पुसून खिशात ठेवलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांना कुणावरच खापर न फोडताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला ते आवडलं नाही. निघताना जिन्यात ते हळू आवाजात म्हणाले, “तिच्या मनात हाय हो. माझ्या मनात कुठं हाय?”

शेवटच्या रविवारी आम्ही सकाळी लवकर गेलो. भजीवाल्यानं अजून कढई चढवली नव्हती. साडू स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, “तुम्ही सांगा तसं घेतो.” मी ट्रेलरमागं जाऊन उभा राहिलो. सबंध मराठवाड्यात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्या माझं आज साडू ऐकणार होते. मी उजवं म्हणालो की ते उजवं घेत, बास म्हणालो की थांबत. बूच बसवून मी ते दोनदा दाबून पाहिलं. आक्कांनी होडीला लांबूनच हळदकुंकू वाहिलं; नारळाचा विषय कुणी काढला नाही. होडी पाण्यात गेली आणि पाण्यावर राहिली. मासेवाला टेम्पोला टेकून बघत होता. तो निराश होऊन चहाला गेला.

आम्ही तिघं नारिंगी जाकिटं घालून निघालो. साडूंनी मागचं इंजिन धरलं, आक्का मध्ये, मी पुढे. बऱ्याच वेळानं पाण्यातून वर आलेलं देवळाचं शिखर दिसलं. त्यावर एक बगळा बसला होता. साडूंनी त्याच्या रोखानं होडी सरळ सोडली.

“सरळ कुठं चाललास?” आक्का म्हणाल्या. “ते महादेवाचं देऊळ. त्याच्या डाव्या अंगानं घे.”

साडूंनी डावीकडे घेतलं.

“अरं, ते गणपत न्हाव्याचं घर हाय. लोकांच्या घरावरनं जातोस व्हय? रस्त्यानं जा की.”

चारी बाजूंना नुसतं पाणी होतं. साडूंनी होडी थोडी उजवीकडे, रस्त्यावर घेतली.

“आता ही चावडी. हितनं वळ. हळू, बोळ बारीक हाय.”

साडूंनी इंजिनाचा वेग कमी केला. मी होडीच्या काठावर ठेवलेलं कोपर नकळत आत घेतलं.

“हं. आलं. बंद कर ते.”

इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा आवाज यायला लागला. आक्का वाकल्या आणि त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. साडूंनी बूट काढले. मग मीही काढले.

“मी कुठं होतो, आक्का?” साडूंनी विचारलं.

“हितं. उंबऱ्यापाशी. सामान गाडीत चढवत होते आन् तू रडत होतास. कडंवर घेतलं तवा गप बसलास.” त्यांनी होडीच्या शेजारच्या पाण्याकडे बोट दाखवलं. “हितं चूल. त्या अंगाला ढोरं.”

साडू बोटाकडे बघत होते, मग पाण्याकडे, मग पुन्हा बोटाकडे. वाऱ्यानं होडी सरकत होती. “शेजाऱ्याच्या अंगणात आलो बघ,” आक्का म्हणाल्या. साडूंनी वल्हं घेतलं आणि होडी परत घरावर आणली. थोड्या वेळानं ती पुन्हा सरकली, आणि त्यांनी ती पुन्हा आणली. ऊन वर आलं, डब्यातले धपाटे तसेच राहिले. होडी सरकत होती, साडू तिला परत आणत होते, आणि निघू या असं आमच्यापैकी कुणीच म्हणत नव्हतं.