वारलूच्या जन्माचा साग

१ एप्रिल १९८६ रोजी आलापल्लीच्या लाकूड डेपोतला चौकीदार वारलू मडावी याच्या हातात मार्चचा पगार पडला : ६४८ रुपये ३५ पैसे. आणखी तीन पगार उरले होते. नोकरीला लागताना कुणीतरी नुसते तोंडाकडे बघून त्याचे जन्मसाल १९२६ लिहिले होते. त्या हिशेबाने जूनअखेर त्याची साठ वर्षे भरत होती. वारलूचे म्हणणे, आपण पाच वर्षांनी लहान आहोत.

त्याच आठवड्यात पुण्याहून दामले नावाचे संशोधक आले. ते सागाच्या खोडातली वर्तुळे मोजून जुन्या काळचे हवामान शोधतात, असे कळल्यावर वारलू माझ्याकडे आला. मी डेपोचा कारकून.

"बाबूजी, मी झालो त्या साली अशी तपन होती का पाखरं झाडावरून पडत. माय सांगे. ते साल झाडात दिसन का?"

मी त्याला दामल्यांकडे नेले. गावाजवळचा एक जुना साग त्यानेच दाखवला. दामल्यांनी पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी कांडी काढली, पॉलिशपेपरने घासली आणि भिंगाखाली धरली. १९३१ च्या जागी वर्तुळ खरेच अरुंद होते.

"पाहा, बुढा जवान झाला!" वारलूची बायको धुरपता हसली.

"थांबा," दामले म्हणाले. "पाऊस कमी पडला, अळीनं पानं खाल्ली, तरी वर्तुळ बारीकच पडतं. एका झाडावरून उन्हाचं साल ठरत नाही. वीस-पंचवीस झाडं एकमेकांशी जुळावी लागतात. याच्या फांद्या कुणी तोडतं का?"

"तोडतो ना साहेब!" वारलू खुशीत होता. "बाळंतिणीची झोपडी गावाबाहेर राह्यते. तिच्यावर याच्याच फांद्या घालतो. माह्या वेळी बी घातल्या. म्हणून तं हेच झाड दाखवलं."

दामल्यांनी पुन्हा भिंग धरले. १९२६ चे वर्तुळही बारीक होते. १९३४ चेही.

"फांद्या तोडल्या तरी वर्तुळ बारीकच पडतं. ही कांडी माझ्या कामाची नाही."

"गावातले सारे पोट्टे याच्यात हायेत म्हणा," धुरपता म्हणाली.

"अन् माहं साल?" वारलूने विचारले.

"या झाडावरून सांगता येणार नाही, मडावी."

दामले पुढे भामरागडकडे गेले, जिथे झाडांना कुऱ्हाड लागलेली नव्हती तिकडे. तिथला निकाल यायला दोन वर्षे लागतील, असे ते म्हणाले.

३० जूनला वारलूने डेपोच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी "बस" म्हणालो. तो बसला नाही.

वय दुरुस्तीच्या प्रतिज्ञापत्रासाठी मी त्याला पाच रुपयांचा स्टॅम्प पेपर आणून दिला होता. तो कोराच राहिला. ते पाच रुपये वारलूकडून यायचे आहेत.